अल्बर्ट पुहोल्स सेंट लुईस सोडून गेला, ते बरोबर होतं का?

गेटवेकर

हुआन सोटो न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला सोडून त्याच शहरातल्या मेट्सकडे गेल्यापासून इथल्या बेसबॉलच्या प्रत्येक धाग्यावर 'गद्दार' हा शब्द येतो. मला तो शब्द खटकतो. पण सोटोचं प्रकरण अजून ताजं आहे, पंधरा वर्षांचा करार आहे, त्याचा निकाल आज कोणीच लावू शकत नाही. म्हणून ज्याचा निकाल पूर्ण लागलेला आहे अशा प्रकरणाबद्दल लिहितो. मी सेंट लुईसला राहतो आणि इथे आजही हा विषय निघाला की लोकांचे आवाज चढतात.

पुहोल्स हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म सांतो दोमिंगोचा, १९८० चा. किशोरवयात घरच्यांबरोबर अमेरिकेत, मिझुरीतच आला. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) सेंट लुईसच्या कार्डिनल्सनी त्याला तेराव्या फेरीत घेतलं, ४०२ व्या क्रमांकावर. म्हणजे त्याच्या आधी चारशे एक मुलं निवडली गेली होती. २००१ मध्ये पहिल्याच मोसमात .३२९ ची सरासरी, ३७ होमरन, १३० आरबीआय (म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या रन). तिथपासून पहिली दहा वर्षं सलग, एकही वर्ष न चुकता, .३०० च्या वर सरासरी, तीस किंवा जास्त होमरन, शंभरच्या वर आरबीआय. २००५, २००८, २००९ असे तीन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २००६ आणि २०११ च्या दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकल्या. क्रिकेटमधल्या कोणाशी तुलना करू नका. पहिल्या दहा वर्षांत एवढं सातत्य बेसबॉलमध्येही कोणाचं नव्हतं.

या शहरात सर्वात मोठं नाव स्टॅन म्युझियलचं. बावीस मोसम, सगळे कार्डिनल्सकडून. त्यांना 'द मॅन' म्हणत. पुहोल्सला लोक स्पॅनिशमध्ये 'एल ओम्ब्रे' म्हणायला लागले तेव्हा त्यानेच सांगितलं की मला तसं म्हणू नका, तो मान म्युझियल यांचा आहे. असं बोलणारा माणूस म्युझियलसारखाच इथेच निवृत्त होणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आता करार. २००४ मध्ये त्याने सात वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार केला. तीन एमव्हीपी याच करारातले. बाजारभावाने पाहिलं तर क्लबला सोनं स्वस्तात मिळालं. २०११ च्या फेब्रुवारीत नव्या करारासाठी त्याने मुदत दिली होती, ती टळली. मग तो मोसम खेळला आणि काय मोसम होता! ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात संघ वाइल्ड कार्डपासून (गटात पहिला न येताही प्लेऑफमध्ये जायची जागा) दहा गेमच्या वर मागे, शेवटच्या दिवशी प्लेऑफमध्ये प्रवेश, वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या गेममध्ये पुहोल्सचे तीन होमरन (तोवर वर्ल्ड सिरीजच्या एका गेममध्ये असं फक्त बेब रूथ आणि रेजी जॅक्सननी केलं होतं), सहाव्या गेममध्ये दोनदा संघ पराभवापासून फक्त एका स्ट्राइकवर आणि दोन्ही वेळा वाचला. शहर वेडं झालं होतं.

मोसम संपल्यावर पुहोल्स फ्री एजंट झाला आणि ८ डिसेंबरला बातमी आली: कॅलिफोर्नियाचे एंजल्स, दहा वर्षं, २४ कोटी डॉलर. कार्डिनल्सची शेवटची ऑफर २१ कोटींच्या आसपास होती, असं तेव्हा छापून आलं.

माझं मत आजही तेच आहे जे त्या आठवड्यात होतं. पुहोल्सने जाणं योग्य होतं. आणि कार्डिनल्सनी त्या आकड्यावर थांबणं हेही योग्य होतं. दोघांपैकी एकाला तरी दोषी ठरवायलाच हवं हा आपला आग्रह चुकीचा आहे. एकतिसाव्या वर्षी दहा वर्षांचा करार मिळतो तेव्हा खेळाडू आपल्या झालेल्या कामाचे पैसे मागत असतो आणि क्लबला होणाऱ्या कामाचे पैसे द्यायचे असतात. या दोन गोष्टींची किंमत कधीच जुळत नाही.

तुमचं काय म्हणणं आहे?

नाशिकचा मंदार

गेटवेकर, लेख आवडला. मी क्रिकेटवाला, बेसबॉल आत्ता आत्ता बघायला लागलोय. एक प्राथमिक शंका. हे 'फ्री एजंट' म्हणजे आयपीएलच्या लिलावात नाव देण्यासारखंच का? आणि खेळाडू कधी सुटू शकतो, दर वर्षी?

गेटवेकर

मंदार, शंका चांगली आहे, कारण फरक मोठा आहे. आयपीएलमध्ये संघाने कायम ठेवलं नाही तर खेळाडू मूळ किंमत लावून लिलावात उतरतो. सर्वात जास्त बोली ज्याची, त्याच्याकडे जायचं. पंत २७ कोटींना लखनौला गेला तो लखनौची बोली सर्वात मोठी होती म्हणून. बोली लागल्यावर 'मला या शहरात नको' म्हणायची सोय नाही.

फ्री एजंटचं उलट आहे. तो स्वतः निवडतो. चार संघ चार ऑफर घेऊन येतात, तो कमी पैशांची घेऊ शकतो, घराजवळची घेऊ शकतो, जुन्याच संघाकडे राहू शकतो. म्हणूनच चाहत्यांना जास्त लागतं. लिलावात खेळाडू गेला तर नियमांवर राग काढता येतो, इथे त्याने स्वतः सही केलेली असते.

आणि दर वर्षी नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरावी लागते. तोपर्यंत तो क्लबच्या ताब्यात. पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपास, पुढची तीन लवादाने ठरेल तो आकडा. म्हणजे बहुतेकांच्या अंगातली सर्वात ताकदवान वर्षं क्लबला स्वस्तात मिळतात आणि मोकळा होईपर्यंत खेळाडू तिशीला टेकलेला असतो. पुहोल्सने तर मधेच लांबचा करार केल्यामुळे त्याला अकरा मोसम लागले.

रॅलीची खार

२०११ ला मी बुश स्टेडियमला, कार्डिनल्सच्या घरच्या मैदानावर होते. माझं सदस्यनामही त्या मोसमातल्या मैदानावर धावलेल्या खारीवरूनच आहे, तेव्हा मी कोणत्या बाजूची हे सांगायला नको.

गेटवेकर, तुमचं 'दोघंही बरोबर' मला मान्य नाही. २००९ मध्ये हाच माणूस जाहीरपणे म्हणाला होता की वर्षाला थोडे लाख डॉलर जास्त मिळावेत म्हणून सेंट लुईससारखी जागा कोण सोडेल, मला पैसे मिळालेत, मला जिंकायचंय. ते कोणी त्याच्या तोंडून काढून घेतलं नव्हतं. आम्ही ते जपून ठेवलं. आमच्या घरी त्याच्या पाच नंबरच्या जर्सी होत्या, लेकीची होती, माझी होती. दोन वर्षांनी तो तीन कोटींच्या फरकासाठी गेला, आणि तेही दहा वर्षांत मिळून. वर्षाला तीस लाख. म्हणजे ज्या फरकासाठी कोणी जाणार नाही म्हणाला, जवळपास त्याच फरकासाठी गेला.

मी त्याला गद्दार म्हणणार नाही. पण 'योग्य' तरी का म्हणू?

शुभदा एडिसन

खारताई, तुमचं दुःख कळतं, पण निदान तुम्हाला अकरा वर्षं मिळाली! आम्हा यांकीजवाल्यांना सोटो एकच वर्ष मिळाला. त्या एका वर्षात ४१ होमरन, १२९ वॉक, आणि क्लीव्हलंडविरुद्ध दहाव्या इनिंगमधला तो तीन रनांचा होमरन, ज्यामुळे आम्ही २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचलो. घरात सगळे ओरडत होते. दीड-दोन महिन्यांत तो त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडे. यांकीज ७६ कोटी द्यायला तयार होते, सोळा वर्षांसाठी. मेट्सनी ७६.५ कोटी दिले, पंधरा वर्षांसाठी. पन्नास लाखांचा फरक!

मला वाईट याचं वाटतं की ही संख्याच माणसाला कळण्यापलीकडची आहे. पंच्याहत्तर कोटी आणि शहात्तर कोटी यांत कुणाच्या आयुष्यात काय फरक पडतो? मग निर्णय पैशांवर झाला की आणखी कशावर? आम्हाला कधीच कळणार नाही, आणि तेच सलतं.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून पुहोल्सच्या प्रकरणात क्लबने त्या पैशांचं काय केलं ते बघू. चाहत्यांनी तेच विचारायला हवं.

त्याच डिसेंबरमध्ये कार्लोस बेल्ट्रान, दोन वर्षं, २ कोटी ६० लाख. २०१२ च्या मार्चमध्ये यादिएर मोलिना, पाच वर्षांसाठी साडेसात कोटी. २०१३ च्या मार्चमध्ये अ‍ॅडम वेनराइट, पाच वर्षांसाठी पावणेदहा कोटी. हे तिन्ही करार मिळूनही पुहोल्सच्या एका करारापेक्षा कमी होतात. मोलिना आणि वेनराइट पुढे शेवटपर्यंत कार्डिनल्सच राहिले.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. तेव्हाच्या नियमांप्रमाणे मोठा फ्री एजंट गेला की जुन्या संघाला ड्राफ्टमध्ये भरपाई मिळायची. एंजल्सचा पहिल्या फेरीतला १९ वा क्रमांक कार्डिनल्सकडे आला आणि त्यावर त्यांनी मायकल वाका घेतला. पुढच्याच वर्षी, २०१३ च्या लीग चॅम्पियनशिपमध्ये, त्याच वाकाने डॉजर्सचा मोठा पिचर क्लेटन कर्शॉ याला दोनदा हरवलं, एकही रन न देता, आणि मालिकेचा एमव्हीपी झाला. संघ वर्ल्ड सिरीजला गेला. तिथे बॉस्टनकडून हरले, ते सोडा. शिवाय पहिल्या फेरीनंतरच्या जादा क्रमांकावर स्टीफन पिस्कॉटी मिळाला तो वेगळाच.

पुहोल्सशिवायची चार वर्षं: २०१२ ला लीगच्या अंतिम मालिकेत, २०१३ ला वर्ल्ड सिरीज, २०१४ ला पुन्हा लीगच्या अंतिम मालिकेत, २०१५ ला १०० विजय. पुहोल्स असलेले एंजल्स दहा वर्षांत एकदाच प्लेऑफला गेले, २०१४ ला, आणि कॅन्सस सिटीने त्यांना एकही गेम जिंकू दिला नाही. संघात माइक ट्राउटसारखा अव्वल खेळाडू असताना!

पुहोल्सची सरासरी: सेंट लुईसमध्ये अकरा वर्षं .३२८, एंजल्सकडे .२५६. टाचेचं दुखणं, गुडघे, वय. कोणाचा दोष नाही. एकतिशीनंतरचा फर्स्ट बेसमन साधारण असाच उतरतो, आणि कार्डिनल्सच्या कचेरीत बसलेल्यांना ते ठाऊक होतं.

नाशिकचा मंदार

बाप रे. म्हणजे क्लब जिंकला?

रॅलीची खार

आकडेमोड, सगळे आकडे मान्य. वाकाचे ते दोन गेम मी पाहिलेत. पण मी स्टेडियममध्ये हिशोब बघायला जात नाही. २०१३ ची वर्ल्ड सिरीज मला छान आठवते, आणि तरीही माझ्या मुलीला मी कोणाची गोष्ट सांगते? पुहोल्सची. ह्यूस्टनमध्ये २००५ ला त्यांचा पिचर ब्रॅड लिज याला मारलेल्या त्या होमरनची, ज्याने भरलेलं स्टेडियम एका क्षणात गप्प केलं. शंभर विजयांचं २०१५ हे वर्ष कोणाला आठवतंय? संघ टिकला हे खरं, पण काहीतरी कमी झालंच.

गेटवेकर

खारताई, ते कमी झालं हे मीही नाकारत नाही. तुमच्या २००९ च्या मुद्द्याला आधी उत्तर देतो, कारण तो सर्वात भक्कम मुद्दा आहे.

तो बोलला ते मनापासूनच बोलला असं मी मानतो. पण पुढे काय झालं तेही बघा. तो गेल्यावर त्याच्या पत्नीने रेडिओवर सांगितलं की क्लबकडून सुरुवातीला आलेली ऑफर पाच वर्षांची, १३ कोटींची होती. तुम्ही ज्याला 'आयुष्यभर कार्डिनल' म्हणता त्याला पाचच वर्षं? त्यांना ते लागलं. पैशापेक्षा वर्षांची संख्या त्यांना जास्त लागली, असं मला त्या सगळ्यातून दिसतं. ज्या माणसाने आपली सर्वात चांगली सात वर्षं दहा कोटींत दिली त्याला 'तुझ्या उतारवयाचा भार आम्ही उचलणार नाही' असं ऐकायला मिळालं, तर तो दुसरं दार ठोठावणारच. एंजल्सचे आर्टी मोरेनो दहा वर्षं घेऊन उभे होते.

मंदार, 'क्लब जिंकला' असं मी म्हणणार नाही. क्लबने आपलं काम नीट केलं. पुहोल्सनेही केलं. त्याच्यावर त्याच्या कुटुंबाची, त्याच्या संस्थेची, गावाकडच्या लोकांची जबाबदारी होती. एंजल्सकडे त्याने पाचशेवा होमरन मारला, तीन हजारावी हिट घेतली, २०१५ ला चाळीस होमरन मारले. तिथे तो बसून राहिला नाही.

आणि एक गोष्ट या शहराने तरी विसरू नये. खेळाडूला निघून जाण्याचा हक्क ज्याच्या झगड्यातून आला तो सेंट लुईसचाच सेंटर फील्डर होता. कर्ट फ्लड. बारा मोसम कार्डिनल्सकडे, फील्डिंगचे सात गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, दोन वर्ल्ड सिरीज. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये क्लबने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. तेव्हा करारात 'रिझर्व्ह क्लॉज' असायचा, करार संपला तरी खेळाडू क्लबचाच. फ्लडने नकार दिला. २४ डिसेंबरला कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं की बारा वर्षं खेळल्यावर मी खरेदी-विक्रीची वस्तू आहे असं मला वाटत नाही. वर्षाला नव्वद हजार डॉलर घेणारा कृष्णवर्णीय खेळाडू, त्या काळात. कोर्टात गेला, १९७० चा अख्खा मोसम बुडवला, १९७२ ला सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन असा हरला. करिअर संपलं. पण खटल्याने चर्चा उघड्यावर आली. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरना मोकळं केलं आणि तिथून फ्री एजन्सी सुरू झाली. फ्लडला स्वतःला तिचा एक डॉलरही मिळाला नाही.

क्लब खेळाडूला एका फोनवर दुसऱ्या राज्यात पाठवतो तेव्हा त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. 'बिझनेस आहे' म्हणतो. मग खेळाडू सहा वर्षांनी, अकरा वर्षांनी एकदा स्वतः निवड करतो तेव्हा आपला नियम का बदलावा?

वानखेडेचा कट्टा

वाचतोय केव्हाचा. हार्दिकची आठवण झाली. गुजरातहून परत आला, रोहितच्या जागी कॅप्टन झाला आणि २०२४ ला वानखेडेवर आपल्याच घरच्या मैदानावर त्याची टॉसपासून हुर्यो उडवली. संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना समज द्यावी लागली. मी तिथे होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही. निर्णय फ्रँचायझीचा, शिव्या खेळाडूला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलला शेवटची ओव्हर टाकली आणि तेच लोक त्याच्या नावाने नाचले.

पुहोल्स एंजल्सच्या जर्सीत परत सेंट लुईसला आला तेव्हा काय झालं?

रॅलीची खार

हे मी सांगते.

वेगवेगळ्या लीगमध्ये असल्यामुळे यायलाच २०१९ उजाडलं. जूनमधली तीन गेमची मालिका. तो पहिल्यांदा बॅटिंगला आला आणि सगळं बुश स्टेडियम उभं राहिलं. सगळं. टाळ्या थांबेचनात. यादी, म्हणजे आमचा कॅचर यादिएर मोलिना, प्लेटमागून उठून त्याला भेटला, मिठी मारली. तो हेल्मेट काढून सगळीकडे फिरून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याच पिचरला होमरन मारला आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवून डगआउटमधून परत बाहेर बोलावलं. विरोधी संघाच्या खेळाडूला! मी पण उभी होते, हो. माझं त्याच्याशी भांडण आहे, ते माझ्या माणसाशी असतं तसं आहे. हुर्यो उडवायचा विचारही मनात आला नाही.

शुभदा एडिसन

हे वाचून खरंच भरून आलं. आमच्याकडे सोटो मेट्सकडून यांकी स्टेडियमला २०२५ च्या मे महिन्यात आला तेव्हा पाठ फिरवून हुर्यो झाली. त्याने हेल्मेट काढून अभिवादन केलं होतं. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं, आता विचार करतेय.

तसं आमचं वाईट नाही झालं म्हणा. मॅक्स फ्रीडला २१.८ कोटींना घेतलं, त्याने १९ गेम जिंकले, ९४ विजय मिळाले. मेट्स शेवटच्या दिवशी हरून प्लेऑफच्या बाहेर. सोटोने ४३ होमरन मारूनही. पण टोरांटोने आम्हाला घालवलंच. आणि फ्रीड पिचर आहे, तो दर पाच दिवसांनी दिसतो. सोटो रोज दिसायचा. आमच्या अॅरन जजच्या पुढे बॅटिंगला तो, ही जोडी मला आयुष्यभर बघायची होती.

आकडेमोड

शुभदाताई, एकच सांगतो. एका वर्षावरून काही ठरवू नका, ना मेट्सबद्दल ना यांकीजबद्दल. सोटो करार करताना २६ वर्षांचा होता, पुहोल्स एकतिशी ओलांडत होता. हा फरक प्रचंड आहे. सोटो एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आला म्हणून सहा वर्षं लवकर भरली. त्याच्या करारातली पहिली पाच-सहा वर्षं खऱ्या जोमाची असणार. पुहोल्सच्या करारात तशी दोन-तीनच होती.

गेटवेकर

बरोबर. म्हणूनच मी सोटोवर निकाल द्यायचा नाही असं सुरुवातीलाच म्हटलं.

वानखेडेवाल्यांसाठी पुढची गोष्ट: २०२१ च्या मेमध्ये एंजल्सनी पुहोल्सला मोकळं केलं, तो मोसम त्याने डॉजर्सकडे काढला. २०२२ मध्ये कार्डिनल्सनी त्याला एका वर्षासाठी २५ लाखांत परत आणलं. बेचाळीस वर्षांचा. पहिले काही महिने अगदी सामान्य, आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय मारलंय! २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये एकाच गेममध्ये ६९९ वा आणि ७०० वा. शेवट ७०३ वर. त्याच्या पुढे फक्त बाँड्स, अ‍ॅरन आणि रूथ. मोलिना आणि तो आपला शेवटचा गेम एकाच दिवशी खेळले.

त्याच्या एकूण होमरनपैकी ४६९ कार्डिनल्सच्या जर्सीत आहेत. निघून गेलेल्या माणसाचे.

रॅलीची खार

ते २०२२ झालं नसतं तर माझं मत वेगळं राहिलं असतं का? नाही, २०११ बद्दल माझं मत अजून तेच आहे. त्याने थांबायला हवं होतं. पण लेकीला तिची जुनी जर्सी आता लहान झालीय म्हणून त्या वर्षी नवीन घेतली, त्याच नंबरची.

नाशिकचा मंदार

गेटवेकर, पुहोल्स हॉल ऑफ फेममध्ये आहे का? आणि फ्लड?

गेटवेकर

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे पुहोल्सचं नाव २०२८ च्या मतदानात येईल. पहिल्याच फटक्यात जाईल याबद्दल मला शंका नाही.

फ्लड नाही. कार्डिनल्सच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला २०१५ ला घेतलं, पण कूपर्सटाउनला, म्हणजे बेसबॉलच्या मुख्य हॉल ऑफ फेममध्ये, अजून नाही. १९९७ ला तो गेला. त्याला लढायला मदत करणारे खेळाडू संघटनेचे मार्विन मिलर मरणोत्तर का होईना आत गेले. फ्लड बाहेर आहे हे मला अतिशय चुकीचं वाटतं.

आकडेमोड

फ्लडच्या बॅटिंगच्या आकड्यांवर मतदारांनी बोट ठेवलं असणार, .२९३ सरासरी आणि कमी होमरन. पण फील्डिंग धरली तर चर्चा नक्की होऊ शकते. गेटवेकर, त्याच्यावर वेगळा धागा काढा. इथे गर्दीत हरवेल.

गेटवेकर

काढतो. रविवारी वेळ मिळतो, तेव्हा १९६९ च्या त्या ट्रेडपासून सुरू करेन. त्यातल्या डिक अ‍ॅलनबद्दलही लिहायचं आहे, फिलाडेल्फियाहून इकडे आला तो.